पाहिजे : सातबारावाला घोडेस्वार

विकणे आहे : कर्जतच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, ६० एकरांचं हॉर्स फार्म. तबेला, ड्रेसाजचं मैदान, मालकासाठी बंगला. फक्त गंभीर खरेदीदारांनीच संपर्क साधावा.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही जाहिरात आली आणि पाण्याच्या टाकीवरून पेटलेलं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. गंभीर तर आम्ही सगळेच आहोत. पुनर्विकासाच्या सभांना बसून माणूस दुसरं काय होणार?

घोड्याची खोली साधारण बारा बाय बारा. १४४ चौरस फूट, निव्वळ कार्पेट, लोडिंग शून्य. झोपु योजनेत अख्ख्या कुटुंबाला मिळतात ३००, म्हणजे दोन घोडे आणि थोडा चारा. शिवाय घोडा एकटा राहतो. सासू, नणंद आणि नोकरी शोधायला गावाहून आलेला भाचा त्याच्याकडे उतरत नाहीत. ड्रेसाजचं मैदान वीस बाय साठ मीटर. तेवढ्या १२०० चौरस मीटरमध्ये आमचा बिल्डर बावीस मजले, तीन थरांचं पार्किंग आणि वर एक ‘झेन गार्डन’ बसवतो. कर्जतला तिथे एक घोडा तिरका चालायला शिकतो.

उपनगराला घोड्याचं वावडं आहे असं नाही. मोटारी वाढल्या म्हणून १९३२ साली मुंबई पोलिसांचं अश्वदल बंद झालं. २०२० साली ते परत आणलं आणि तबेल्यासाठी अंधेरीतलं मरोळ ठरलं. अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही यामागचं शहाणपण पटेल : मोटारी आता इतक्या वाढल्यात की घोडाच आधी पोहोचेल. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी द्यायचे ठरले, तेव्हा दक्षिण मुंबईने केवढा शोक केला! घाटकोपरला तसा शोक करायचा तर आधी मैदान शोधावं लागेल.

असो. दलालाला फोन केला. पैशाचा प्रश्नच नाही, म्हणाला. (आमच्याकडे नाहीत, हे त्याने आवाजावरून ताडलं असावं.) प्रश्न शेतकरी असण्याचा. कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. कमाल जमीनधारणा कायदा तर कोरडवाहू जमीनसुद्धा एका कुटुंबाला ५४ एकरांपुढे ठेवू देत नाही. मग वरचे सहा एकर कुणाचे? “साहेब, ते आपण बसून बोलू.”

बोलता बोलता आमच्या आजोबांचा मालवणकडचा सातबारा निघाला. चार गुंठे, छत्तीस हिस्सेदार, दोन फणस आणि एक चालू दावा. दलालाचा आवाज एकदम मऊ झाला. “काका, मग तुम्ही तर शेतकरी!” ज्यांच्याकडे कोट्यवधी आहेत त्यांच्या सात पिढ्यांत कुणी चिखल तुडवलेला नाही, आणि ज्यांचे पाय चिखलात आहेत त्यांना घोड्याचा नालही परवडत नाही. आम्ही नेमके मधले. योजना अशी, की पैसे एका पार्टीचे, नाव आमचं, आणि रविवारी घोड्यावर बसायला फुकट. याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, तीही बहुधा बारा बाय बारापेक्षा लहान खोलीत.

तेव्हा वाचकहो, गावचा सातबारा महाभूलेखवर आजच काढून बघा. नाव जागेवर असेल तर कुणी कितीही काका म्हटलं तरी कोऱ्या कागदावर सही देऊ नका. नसेल तर आधी तलाठ्याला गाठा.