फुकट प्रवासी शिंपली

काय वहिनी, गाजर गवत उपटताय? उपटा, उपटा! फुलावर यायच्या आत काढलं तर काढलं, नाहीतर तुमचं बी उडून माझ्या वाफ्यात. मेलं 1955 साली पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणे, आता राहुरीत एक बांध मोकळा ठेवलेला नाही.

अहो, समुद्रातसुद्धा हेच. माझा भाचा मुंबईच्या गोदीत जहाजांची बुडं खरवडतो ना, दिवाळीला आला होता. बोटं बघितली त्याची, सगळी चिरलेली. नखाएवढ्या शिंपल्या, एकीवर एक घोसच्या घोस, आणि बारीक दोऱ्यांनी अशा घट्ट चिकटलेल्या की पत्र्यानं खरवडाव्या लागतात. मूळच्या कॅरिबियन समुद्रातल्या. 1967 ला विशाखापट्टणमला दिसल्या, मग मुंबईच्या नौदल गोदीत. तिकीट नाही, भाडं नाही! खारं पाणी चालतं, पावसाळ्याचं गोडंही चालतं, महिनाभरात अंडी सोडायला तयार. मग कालवांनी बसायच्या जागेवर यांचंच खानदान.

ऑस्ट्रेलियात डार्विनला हीच शिंपली 1999 मध्ये सापडली, तर त्यांनी बोटी लावायच्या धक्क्यांची दारं बंद केली, आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं नि समूळ मारली. मोरचूद हो, आपण डाळिंबावर मारतो तेच! त्यांच्या धक्क्यांना दारं होती म्हणून जमलं. मुंबईच्या बंदराला कुठलं दार लावणार?

आणि आपलेही काही साधे नाहीत बरं का. कोकण-गोव्यात खातात ते हिरवे शिणाणे, म्हणजे शिंपलेच हो, त्यांचे भाऊबंद 1990 च्या सुमारास त्रिनिदादला पोचले, 1999 ला फ्लोरिडात टॅम्पाच्या वीजकेंद्राच्या पाण्याच्या वाटेत जाऊन बसले. तिकडची एखादी बाई आपल्या नावानं बोटं मोडत असेल! 2017 पासून जहाजाच्या पोटातलं पाणी शुद्ध करूनच सोडायचा जागतिक करार लागू झालाय, पण बुडाला चिकटून येणाऱ्यांना तो कुठं अडवतो?

बरं, तुमच्या नातवाच्या काचेच्या टाकीतला तो सकर मासा मोठा झालाय आणि रविवारी मुळा धरणात सोडायचा बेत आहे, असं कानावर आलं. खरंय का? मग ऐका, उजनीत तो असाच माजलाय; कोळ्यांची जाळी फाडतो आणि बाजारात कुत्रं विचारत नाही. मासे पाळणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका, पण मुळेत सोडू नका.