आपत्तीबाईंना विनंती अर्ज

माननीय आपत्तीबाई यांस,

विषय : चेंबूरला येण्याआधी वेळ ठरवून घेण्याबाबत.

महोदया,

आपला आमच्यावर फार जीव आहे. ८ ऑगस्ट २०१८ ला भर दुपारी माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट घडवून आपण आमच्या खिडक्या वाजवल्यात. १८ जुलै २०२१ ला, रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर वाशी नाक्याच्या भारत नगरात भिंत घरांवर लोटलीत आणि १९ माणसं नेलीत. त्या रात्रीची थट्टा करणार नाही, फक्त वेळेबद्दल बोलतो. रात्री एक वाजता म्हाताऱ्या माणसाचं कानातलं यंत्र डबीत असतं, चष्मा फ्रिजवर आणि झोपेची गोळी पोटात. सबब, यापुढे सकाळी अकरानंतर यावं. तोवर कामवाली आलेली असते, उचलायला दोन हात जास्त मिळतात.

आमची तयारी नाही असं कृपया समजू नका. पावसाळ्याआधी टेकडीवरच्या घरांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. धोक्याच्या वेळी मोबाईल किंचाळतो. पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन लागतो. आसऱ्याला पालिकेची शाळा असते. गुडघाभर पाण्यातून व्हीलचेअर ढकलत तिथवर गेलं की झालं. आणि लिफ्ट? आपण आलात की ती वापरायची नाही, असं लिफ्टमध्येच लिहिलंय. सातव्या मजल्यावरच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजींनी ते वाचलेलं नाही, कारण त्या लिफ्टपर्यंत पोचतच नाहीत.

कायदासुद्धा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगतं, की जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवा आणि धोक्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचेल अशी सोय करा. जपानी लोक याहून चिकट. त्यांनी २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून नगरपालिकांना माणशी आराखडा करायच्या मागे लावलं : या आजोबांना कोण उचलणार, कुठं नेणार.

आमच्या इमारतीपुरती ही नोंद वॉचमनच्या डोक्यात आहे. कुणाला दिसत नाही, कुणाचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, कुणाचा मुलगा अमेरिकेत आणि किल्ली शेजारी, त्याला सगळं तोंडपाठ. गणपतीत तो गावी गेला, तेव्हा आमचं आपत्ती व्यवस्थापनही कोकणकन्येत बसून गेलं. ऐन पावसाळ्यात, बाई. आपण त्या आठवड्यात आला नाहीत, याबद्दल आभार.

सरकारला अशा माणसांचे पत्ते सापडत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी पार केलेल्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरबसल्या मत देता आलं. फॉर्म आधी भरून घेतलेला, येण्याची वेळ आधी कळवलेली, कर्मचारी दाराशी हजर, मताची गुप्तता राखायची सोयही सोबत. एका मतासाठी सरकार जिना चढतं, हे लोकशाहीला शोभणारंच आहे; मी टोमणा मारत नाही. मारतोय, पण अर्धाच. त्याच फॉर्मवर आणखी दोन रकाने मावले असते : खाली कोण उतरवणार, आणि सोबत कुठलं औषध घ्यायचं.

ते रकाने छापून येईपर्यंत आपण गृहमतदानाच्या दिवशीच यावं, ही विनंती. आमच्या आजी कुठल्या खोलीत, कुठल्या कुशीवर झोपल्यात, हे त्या दिवशी सरकारला पक्कं ठाऊक असतं.

आपला नम्र,
एक गुडघे गेलेला चेंबूरकर
(तिसरा मजला, आपण आलात की लिफ्ट नाही)