मावशी, नामंगा आणि पावती

नैरोबी ते अरुशा हे अंतर पावणेतीनशे किलोमीटर आहे आणि रस्ता झकास आहे. केनिया काय, टांझानिया काय, दोन्हीकडे गाडी डाव्या बाजूनेच हाकायची, त्यामुळे सीमा ओलांडली म्हणून हात गोंधळत नाहीत. नकाशा म्हणतो, पाच तास. प्रत्यक्षात किती लागतील हे मात्र वाटेत उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसांना तुमच्या चेहऱ्यावर किती घाई दिसते, यावर ठरतं.

हे तत्त्वज्ञान माझं नाही, माझ्या मेव्हण्याचं आहे. दिलीप बरीच वर्षं नैरोबीत औषधांच्या धंद्यात आहे. निघायच्या आदल्या रात्री त्याने मला समजावलं, "दाजी, पोलिसाला दिवसभर तिथंच उभं राहायचं असतं. आपल्याला पुढं जायचं असतं. त्या फरकाचे पैसे."

मग त्याने एक जुनं पाकीट काढलं. त्यात केनियाच्या शंभर-दोनशे शिलिंगच्या नोटा एका कप्प्यात, टांझानियाच्या पाच-दहा हजारांच्या दुसऱ्या कप्प्यात, अशी शिस्तीत मांडणी होती. टांझानियाचे दहा हजार ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ते आपले जेमतेम साडेतीनशे रुपये होतात हे कळल्यावर तो गोळा विरघळला.

हे सगळं मावशी ऐकत होत्या. मावशी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. त्यांनी उभ्या हयातीत कुणाकडून फुकटचा चहा घेतला नाही आणि कुणाला पावतीवाचून सोडलं नाही. त्यांनी दिलीपच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"दिल्या, सुट्टे काढून ठेवलेस म्हणजे देणार हे ठरलंच की. आपल्याकडं २०१८ ला कायद्यात दुरुस्ती झाली. देणारापण गुन्हेगार."

"मावशी, हे केनिया आहे."

"मग इथला कायदा काय म्हणतो?"

दिलीप गप्प बसला. कारण इथला कायदाही तेच म्हणतो. केनियाने २०१६ साली लाचलुचपतीचा वेगळा कायदा केला आणि त्यात देणारा-घेणारा एकाच पंगतीला बसवला. त्याच्या बरंच आधी, २००१ मध्ये, एरिक वाइनाइना या गायकाने 'कितू किदोगो' म्हणजे 'थोडंसं काहीतरी' मागणाऱ्या देशावर गाणं केलं होतं आणि ते घराघरांत पोचलं होतं. कायदा यायला पंधरा वर्षं उशीर झाला, पण गाणं पाठ असणारे लोक नोटाही काढतच होते. पुढे तर नोटा काढायचीही गरज उरली नाही. २००७ पासून केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय आहे. सरकारने पोलिसांची पडताळणी मांडली तेव्हा अधिकाऱ्यांची एम-पेसा खाती उघडून बघितली, आणि काहींच्या खात्यात पगाराशी नातं न सांगणाऱ्या रकमा सापडल्या. रोख घेणारा माणूस निदान पुरावा मागे ठेवत नाही. यांनी मोबाइल कंपनीकडून स्वतःवरचं आरोपपत्र तारीखवार तयार करून घेतलं होतं.

सकाळी निघालो. अथी रिव्हरचे सिमेंटचे ट्रक, कितेंगेलाची कोंडी, आणि मग एकदम मोकळं माळरान. बकऱ्या, लाल शुका पांघरलेले मसाई, बाभळी. बायको फोटो काढत होती. काजियाडो मागे पडल्यावर एका नाक्यावर रस्त्यात खिळ्यांची पट्टी आडवी दिसली आणि तिच्याशेजारी एक हसतमुख हवालदार. त्याने लायसन पाहिलं, विमा पाहिला, चारी टायर पाहिले. सगळं ठीक निघालं, तसं त्याचं हसू थोडं कमी झालं. मग त्याने खिडकीवर कोपर टेकवलं आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "आज ऊन फार आहे."

दिलीपचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. पाकीट मागच्या सीटवर होतं. मावशींनी थर्मास उघडला, स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत ओतलं आणि खिडकीतून पुढे केलं. हवालदाराने पेल्याकडे, मग मावशींकडे पाहिलं. घोट घेतला, भुवया उंचावल्या, उरलेलं एका दमात संपवलं आणि हे कसलं फळ, असं विचारलं. मावशींनी त्याला रातांब्याची सालं मिठात भिजवून कशी वाळवायची ते मराठीत सांगितलं. तो मान डोलवत राहिला. मागे चार गाड्या थांबल्या होत्या. त्याने पट्टी ओढून घेतली.

"याला म्हणतात चहापाणी," बायको म्हणाली. दिलीप काही बोलला नाही. त्याच्या शास्त्रात हे बसत नव्हतं.

सीमेवरचं नामंगाचं ठाणं मात्र चोख आहे. २०१८ च्या डिसेंबरात दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी येऊन त्याचं उद्घाटन केलं. दोन देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. या खिडकीवर केनियातून बाहेर पडलात की शेजारच्या खिडकीवर टांझानियात शिरता. पिवळ्या तापाचं कार्ड बघतात, गाडीचा परवाना करतात, शिक्के मारतात. 'पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा' नावाचा एक भारदस्त व्हिसा मिळतो, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडा इथेच चालतो. टांझानिया पूर्व आफ्रिकेतच आहे, फक्त त्या व्हिसात नाही. बाहेर मसाई बायकांनी मण्यांच्या माळांसह घेराव घातला आणि बायकोने घासाघीस करून एक माळ मूळ किमतीपेक्षा थोडी महाग घेतली.

ही सीमा नकाशावर बघण्यासारखी आहे. व्हिक्टोरिया सरोवरापासून समुद्राकडे पट्टीने आखल्यासारखी सरळ येते आणि किलिमांजारोपाशी वळसा घालून डोंगर टांझानियाला देऊन टाकते. राणी व्हिक्टोरियाने जर्मनीतल्या नातवाला, विल्हेल्मला, वाढदिवसाला हा डोंगर भेट दिला, असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. इतिहासकार म्हणतात, थाप आहे. १८८६ मध्ये इंग्रज आणि जर्मन यांनी टेबलावर बसून वाटणी केली, आजीचा संबंध नाही. मावशींना दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. "मूळ मालकांची सही कुठाय त्या कागदावर?" एवढंच त्यांनी विचारलं.

टांझानियात पोलीस नखशिखांत पांढऱ्या गणवेशात असतात, त्यामुळे लांबून दिसतात. अडचण अशी की ते दिसायच्या आत वेगमापक यंत्राने तुम्हाला पाहिलेलं असतं. गाव आलं की वेग पन्नास. गाव कुठे सुरू होतं ते पाटीवर असतं, कुठे संपतं ते पुष्कळदा तुमच्या अंदाजावर सोडलेलं असतं. एक जण गावाच्या तोंडाशी झाडामागून फोटो काढतो, व्हॉट्सअॅपवर पुढे धाडतो, आणि दुसरा गावाच्या शेपटाशी हात वर करतो. दंड ठरलेला आहे. एका गुन्ह्याला तीस हजार शिलिंग, आपले हजारेक रुपये, यंत्रातून छापून निघणाऱ्या कागदासह.

केनियाची नंबरप्लेट म्हणजे लांबून आलेला पाहुणा. आम्हाला हात झालाच.

"शिकामू," दिलीप अदबीने म्हणाला. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार त्याने आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोलिसाला केला. पोलिसाने तो शांतपणे स्वीकारला आणि मोबाइल दाखवला. फोटोत एक पांढरी टोयोटा होती, खाली ६३ आकडा. आमचीही टोयोटा पांढरीच. पण जपानमधून आलेल्या जुन्या पांढऱ्या टोयोटा या भागात इतक्या आहेत की त्या फोटोवरून अर्ध्या अरुशाला दंड करता आला असता. नंबर वाचता येत नव्हता. दिलीप शपथेवर सांगत होता की काटा अठ्ठेचाळीसवर होता.

पोलिसाने वाद घातला नाही. आवाज खाली आणून तो म्हणाला, तीस हजार, कागदासकट. किंवा दहा हजार, कागदाशिवाय. तुम्हाला उशीर होत असेल म्हणून सांगतो.

मागची काच खाली झाली.

"काइंडली इश्यू द रिसीट," मावशी म्हणाल्या.

पोलीस म्हणाला, यंत्राला नेटवर्क नाही. मावशी म्हणाल्या, हरकत नाही, थांबतो. आणि त्या खरोखरच खाली उतरल्या. डिकीतली घडीची खुर्ची बाभळीच्या सावलीत मांडली. बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मावशींनी वही उघडून तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं आणि पोलिसाला त्याचं नाव, बक्कल नंबर आणि नोकरी किती वर्षं झाली ते विचारलं. यात धमकी नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी समोर आलेल्या प्रत्येक माणसाची अशीच नोंद केली आहे.

आता पोलिसाने आमच्या गाडीत नवा गुन्हा शोधायला घेतला. अपघातात रस्त्यावर ठेवायचे लाल त्रिकोण दोन हवेत, दोन होते. अग्निशामक नळकांडं होतं, मुदतीतलं होतं. प्रथमोपचाराची पेटी होती आणि औषधवाल्याची असल्यामुळे भलतीच भरलेली होती. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, सगळं चाललं. त्याचा चेहरा पडत गेला.

तेवढ्यात एक कांद्याचा ट्रक आला. नामंगामार्गे टांझानियाचा कांदा आणि टोमॅटो केनियात जातो. त्या चालकाने इंजिन बंद केलं नाही, खाली उतरला नाही, काही विचारलंही नाही. खिडकीतून मूठ बाहेर आली, उघडली, मिटली, ट्रक गेला. कायदा, दुरुस्ती, बक्कल नंबर, यातलं काही त्याच्या कामाचं नव्हतं. मागे माल होता आणि पुढे बाजार. त्याच्यानंतर गच्च भरलेली एक छोटी बस आली, तिनेही तेच केलं. दशमी खाता खाता मला कळत होतं की आमचा बाणेदारपणा हा पेन्शनवरचा बाणेदारपणा आहे. आमची अरुशात कुणी वाट बघत नव्हतं. रोज या रस्त्यावर पोट असणाऱ्याला खुर्ची मांडून बसायची ऐपत नसते आणि नाका चालतो तो त्याच्यावर, आमच्यासारख्या हंगामी पाहुण्यांवर नव्हे.

पण आता त्या नाक्याचाही खोळंबा होऊ लागला होता. परदेशी बाई रस्त्याकडेला खुर्ची टाकून काहीतरी लिहीत बसलीय म्हटल्यावर गावातली पोरं जमली. मग दोन मोटरसायकलवाले थांबले. मावशींनी पोरांना चिक्की वाटली. एवढ्या प्रेक्षकांसमोर खिडकीतून मुठी उघडणं-मिटणं कुणालाच सोयीचं नव्हतं. पुढच्या दोन-तीन गाड्या पोलिसाने नुसत्याच जाऊ दिल्या. त्याचा जोडीदार लांबून त्याच्याकडे असा बघत होता, की आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतल्या माणसाला ती नजर ओळखू आली असती.

शेवटी तो खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, "मामा, नेंदेनी." आई, जा तुम्ही सगळे.

"आणि पावती?"

"पैसे नकोत."

"गुन्हा झालाय ना? मग दंड घ्या. झाला नसेल तर तसं लिहून द्या. प्रकरण उघडं ठेवून मी जाणार नाही."

दिलीप भाषांतर करता करता रडकुंडीला आला. पैसे न देता सुटका होत असताना हटून बसलेली ही त्याच्या उभ्या कारकिर्दीतली पहिलीच प्रवासी. पोलीस तर हात जोडायचा बाकी होता. त्याने वही घेतली, मावशींनी बोट ठेवलं तिथे गाडीचा नंबर लिहिला, 'ओके' लिहिलं आणि सही ठोकली. मावशींनी वेळ टाकायला लावली. मग शाई वाळेपर्यंत फुंकर मारून वही मिटली, खुर्ची घडी केली आणि त्याच्या हातात उरलेली चिक्की ठेवली. "ही लाच नाही, सांग त्याला," त्या दिलीपला म्हणाल्या. दिलीपने सांगितलं. पोलीस पहिल्यांदा मनापासून हसला.

पुढे लोंगिडोचा डोंगर गेला, मेरू पर्वत दिसायला लागला. आणखी दोन ठिकाणी पांढरे गणवेश उभे होते. दोघांनीही नंबरप्लेट पाहिली, मागच्या सीटवर नजर टाकली आणि घाईघाईने पुढे जायची खूण केली. व्हॉट्सअॅपवर फक्त वेगाचे फोटो जात नसावेत.

या रस्त्याने जाणार असाल तर गावात पन्नासच्या खालीच राहा, पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा आणि गाडीत त्रिकोण दोनच ठेवा, एक चालत नाही. मावशींबद्दल विचारणा आधीच बऱ्याच झाल्या आहेत. त्या दिवाळीपर्यंत मोकळ्या नाहीत.