हरकतराव

चैत्रात खेड तालुक्यातल्या किंवा भोसरी-चिखलीकडच्या कुठल्याही यात्रेला जा, घाटावर निशाणापाशी एक मनुष्य हमखास भेटतो. पांढरा शर्ट, भंडाऱ्याने पिवळा झालेला टॉवेल आणि वरच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर. घरचं नाव काहीही असो, घाटावर त्याला हरकतराव म्हणतात. भोसरी एमआयडीसीत उभी नोकरी क्वालिटीत गेली. येईल त्या पार्टाला लाल टॅग लावायचा हात निवृत्तीनंतर रिकामा कसा राहणार? तो बैलांकडे वळला.

ज्यांनी शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. चढाच्या घाटावर एकेक गाडा सुटतो, पुढे घोडी धावते, आणि लढत असते ती घड्याळाशी. अकरा-बारा सेकंदांत सगळं आटोपतं. दिवसभरात ज्याचे सेकंद सगळ्यांत कमी, तो घाटाचा राजा. त्या अकरा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला खुराक घालतात आणि एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचे पैसे खिलाराच्या पायांत ओततात.

गेल्या काही हंगामांत शेजारच्या गावच्या कोसा रंगाच्या एका खिलाराने या भागात दुसऱ्या कुणाला राजा होऊ दिलेलं नाही. तो घाटात आला की निवेदकाचा आवाज आपोआप एक पट्टी वर जातो. आणि हरकतरावांचाही.

“हा बैल टॉलरन्सच्या बाहेर आहे,” ते कमिटीला सांगतात. “याला बाद करा. बाकीच्यांनी पळायचं कशाला?”

“नियमात कुठं बसतं ते, हरकतराव?”

“नियम करा की! कमिटी कशाला बसवलीय?”

एकदा त्यांनी बैलाचे दात तपासायला लावले. सातारा-सांगलीकडे दातांवरून आदत, दुसा, चौसा अशी वेगवेगळी मैदानं भरतात. लहान दाताच्या गटात थोराड बैल घुसवला तर बोंब होतेच. पण इथे तसा गटच नव्हता. तरी एका जाणत्या म्हाताऱ्याने बैलाचा जबडा उघडला. हरकतराव व्हर्निअर काढून पुढे वाकले, बैलाने फुस्स केलं, आणि व्हर्निअर भंडाऱ्यात पडलं. ते पुसता पुसता हरकतराव म्हणाले, “बघा, आक्रमक आहे. लिहून घ्या.”

दुसऱ्या वेळी पैऱ्यावर हरकत. जोडीचा दुसरा बैल दुसऱ्या मालकाचा होता. आता दोन मालकांचे बैल एकत्र जुंपण्याचा पैरा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. हरकतरावांचा स्वतःचा गाडाही त्याच पद्धतीने उभा राहतो. हे कुणीतरी दाखवून दिलं तर म्हणाले, “आमचा पैरा गरजेपोटी आहे. त्यांचा जिंकायसाठी आहे.” यावर कमिटीला बोलण्यासारखं काही सुचलं नाही, मलाही नाही.

गंमत अशी की खरी बंदी आली तेव्हा हाच माणूस सगळ्यांत जास्त कळवळला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच बंद केल्या. कोशाचा बाप बाद, हरकतरावांचा बैलही बाद. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळेपर्यंत हरकतराव नाशिक रस्त्यावरच्या प्रत्येक आंदोलनात पुढे बसले. त्यांची भूमिका एकच: सरसकट बंदी हा अन्याय, निवडक बंदी हा न्याय, आणि निवड कुणी करायची हे काय सांगायला हवं? 2022 च्या मेमध्ये चिखलीला पहिल्या बक्षिसाला जेसीबी लागला, तेव्हा ते आनंदाने रडले आणि डोळे पुसून लगेच हरकतीला उठले. 18 मे 2023 ला घटनापीठानेही शर्यतींच्या बाजूने निकाल दिला. त्यात कोशाबद्दल एक ओळ नाही, ही त्यांची त्या निकालाबद्दलची एकमेव तक्रार.

त्यांचा पुतण्या चाकणला एका कंपनीत शिफ्टला जातो आणि घरी आला की मोबाइलवर पोकेमॉनच्या लढती खेळतो. एका रात्री तो वैतागून ओरडला, “हा प्राणी बॅनच करायला पाहिजे!” आतल्या खोलीतून काका उठून बाहेर.

“कोण रे? कुणाचा आहे? दात किती?”

पुतण्याने समजावलं, की स्मॉगन म्हणून खेळाडूंची एक मंडळी आहे, ती प्राण्यांचे गट पाडते. फार जड होतो त्याला उबर्स नावाच्या गटात धाडतात. 2014 सालच्या खेळात मेगा रेक्वाझा नावाचा हिरवा सर्प असा निघाला, की बाद केलेल्यांच्या त्या गटातही तो बाद झाला आणि त्याच्यापायी आणखी वर एक नवं मैदान काढावं लागलं. हरकतरावांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव आला.

“वा! कमिटी असावी तर अशी. ठरवतं कोण?”

“मतदान होतं, काका. बॅनला साठ टक्के लागतात.”

“साठ? जमवू की! मत कुठं टाकायचं?”

“तसं नाही. आधी तो प्राणी मैदानात असतानाच खेळायचं, जिंकून ठरलेल्या रेटिंगपर्यंत जायचं. मग मत मिळतं.”

“म्हणजे हरणाऱ्याला मत नाही?”

“नाही.”

हरकतराव बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पोरखेळ आहे सगळा,” आणि झोपायला गेले.

मला मात्र त्या पोरखेळात शहाणपण दिसतं. हरकतरावांची एक खोड मी पुष्कळ घाटांवर पाहिली आहे: स्वतःच्या गाड्याची बारी होईपर्यंत ते कोशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. उलट चहा पाजून सांगतात, “येऊ द्या त्याला, आज दाखवतोच.” तोवर कोसा टॉलरन्समध्ये असतो. बारी होते, घड्याळ तेरा-साडेतेरा दाखवतं, आणि त्याच क्षणी बैल नियमबाह्य ठरतो.

तेव्हा यात्रा कमिट्यांवर बसणाऱ्या मंडळींना एकच विनंती. हरकत घ्या, जरूर घ्या, पण गाडा जुंपायच्या आधी, कागदावर, सहीनिशी. बारीनंतर आलेली हरकत वहीत उतरवू नका. हरकतराव यावरही हरकत घेतील. तीही बारीच्या आधी घेतली असेल तरच ऐका.