पार्टीनं ओके केलंय

मी छापखान्यात इंग्रजी मजकुराची मुद्रितं तपासायचो. नोकरी संपली, पण डोळ्यांना कुणी निवृत्तीचं पत्र दिलं नाही. त्यामुळे हॉटेलात गेलो की घरचे मेनूकार्डाची उजवी बाजू वाचतात आणि मी डावी. बायको म्हणते, "अहो, पनीरला २८० रुपये लावलेत!" आणि मी म्हणतो, "पनीरला दोन एन लावलेत." संताप दोघांचाही खराच, पण वेटर फक्त तिच्याकडे बघतो.

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीच्या पाट्यांचे फोटो रोज फिरतात, त्यामुळे आमच्या धंद्याला बरे दिवस आले असं कुणाला वाटेल. पण तिथला माल शिळा असतो. स्नॅक्सच्या जागी साप विकणारं हॉटेल आणि चिल्डच्या जागी 'चाइल्ड बिअर' पाजणारा बार हे दोघे इतके फिरलेत की त्यांना आता पेन्शन द्यावी. मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लागतं. आमच्याच सोसायटीच्या लिफ्टवर कागद लागला होता : 'लिफ्ट अंडर रिपेअर. इनकन्व्हिनियन्स इज रिक्वेस्टेड.' गैरसोयीबद्दल दिलगिरी राहिली बाजूला, सेक्रेटरींनी आम्हाला गैरसोयीची नम्र विनंती केली होती. चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून गेल्यावर माझं मत बदललं. व्याकरण काहीही असो, कागद वस्तुस्थितीला धरून होता.

एका बंगल्याच्या फाटकावर 'डॉग्ज आर बीवेअर' असं होतं. म्हणजे सावध राहायचं काम मालकानं कुत्र्यांवरच सोपवलेलं. आत पायरीवर एक म्हातारं पॉमेरेनियन बसलं होतं आणि ते खरोखरच सावध दिसत होतं. एका मंगल कार्यालयाबाहेर 'टू व्हीलर्स नॉट अलाउड', आणि अलाउडचं स्पेलिंग 'मोठ्यानं' या अर्थाचं. दुचाकी लावायला हरकत नसावी, फक्त आवाज करायचा नाही. केशकर्तनालयांचं तर विचारूच नका. सलूनच्या स्पेलिंगात दोन ओ घातले की ते काउबॉयच्या सिनेमातलं दारूचं दुकान होतं. आपल्याकडे गावोगाव सज्जन लोक रविवारी सकाळी पोराबाळांना घेऊन त्या दारूच्या दुकानात जातात आणि गालाला साबण लावून पेपर वाचत बसतात.

ट्रकच्या पाठीमागचं 'हॉर्न ओके प्लीज' मात्र मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही. त्यात कर्ता नाही, विरामचिन्ह नाही, मधल्या 'ओके'चा पुढच्या-मागच्याशी काही नातेसंबंध नाही, आणि तरी घाटात मागून येणाऱ्या एकाही ड्रायव्हरला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं ही ओळ लिहायला बंदी केली. का, तर तिच्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. एवढ्या मोठ्या सरकारी आदेशात व्याकरणाचा मुद्दा कुणी काढला नाही, याचं मला वाईट वाटलं. ट्रकवाल्यांनी दोन्ही मुद्दे मनावर घेतलेले नाहीत.

असो. मूळ प्रश्न असा की या चुका करतं कोण? पूर्वी पेंटर असायचा. शिडीवर चढून त्याला हटकता यायचं, आणि तोही 'थांबा साहेब' म्हणून टर्पेंटाइनच्या बोळ्यानं अक्षर पुसायचा. आता फ्लेक्स आला. सोसायटीच्या पाणीकपातीची सूचना छापून घ्यायला मी एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. दुकान म्हणजे एक संगणक, आत घरघरणारं मशिन आणि शाईचा वास. संगणकावरचा पोरगा कोरलड्रॉमध्ये आधीच्या गिऱ्हाईकाचं काम उरकत होता. पडद्यावर आठ बाय चारचा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात सूट घातलेले सर, उजव्या कोपऱ्यात लंडनचं घड्याळ, आणि मध्ये पिवळ्या अक्षरांत : 'स्पीक फ्ल्युएंट इंग्लिश विदाउट ग्रामर! वुई मेक यू टू स्पीक.' खाली आणखी मोठ्या अक्षरांत 'फर्स्ट टाइम इन युवर सिटी', त्यातल्या युवरचं स्पेलिंग 'तू आहेस' या अर्थाचं.

"बाळा," मी म्हटलं, "यात दोन चुका आहेत."

"काका, मॅटर पार्टीनं दिलंय."

"अरे, पण इंग्रजीच्या क्लासची जाहिरात आहे ही."

"पार्टीनं प्रूफ ओके केलंय," असं म्हणून त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर खरोखरच अंगठा होता. अख्खी नोकरी मी हिरव्या-तांबड्या शाईनं सह्या करून मुद्रितं सोडली. इथं एका पिवळ्या अंगठ्यावर काम फत्ते. पोरगा मनानं चांगला होता. माझा चेहरा बघून त्यानं पार्टीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी चुका सांगितल्या. नियमही सांगितला : मेकच्या पुढच्या क्रियापदाला 'टू' लागत नाही. पलीकडून सर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, काका. पण मला सांगा, ज्याला ही चूक दिसते तो माझ्या क्लासला येणार आहे का?"

मी गप्प.

"ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी बोर्ड आहे." फोन ठेवून दिला त्यांनी. मशिन घरघरलं, आठ बाय चारचं इंग्रजी बाहेर पडलं, आणि पोरगा कडेला आयलेट ठोकायला लागला.

सरांचं गणित कच्चं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक निबंध लिहिला. नायजेरियाच्या राजपुत्राची इस्टेट तुम्हाला देऊ करणारी ती ईमेलं इतकी उघड बनावट का असतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की शहाण्यांनी पहिल्या ओळीतच पळून जावं हाच त्यात हेतू असतो. उरेल तो कामाचा. क्लासच्या सरांनी हा निबंध वाचला नसणार. त्यांना तो अनुभवातून सुचला असेल, किंवा त्यांनी ती चूक खरीच केली असेल आणि आमचा फोन गेल्यावर सुचला असेल. दुसरी शक्यता धरली तर माणूस आणखीच हुशार ठरतो.

शाळेत आम्हाला असल्या हुशारीला वाव नव्हता. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटलं की गुरुजी छडी उचलायचे. "भाऊ काय सतत चालू असतात का रे?" हॅव, नो, लव्ह असल्या क्रियापदांना आयएनजी लागत नाही, हा नियम आमच्या तळहातावर लिहिला गेला. नियम होता रेन अँड मार्टिनचा. या जोडीतले रेन मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते, आणि १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' ही फ्रेंच पलटणीतल्या शौर्याची कादंबरी लिहिली, हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आम्हाला मुळीच नवल वाटलं नसतं. त्यांच्या व्याकरणातही आम्ही रोज धारातीर्थी पडत होतोच. आणि मग २००३ साली मॅक्डॉनल्ड्सनं सगळ्या जगाला ओरडून सांगितलं, 'आय अ‍ॅम लव्हिंग इट'. आमच्या वर्गातली ढ पोरं जे पूर्वीपासून म्हणत होती ते! छड्या खाल्लेल्या हातांना कंपनीनं निदान एकेक बर्गर द्यायला हवा होता. अ‍ॅपलनं तर त्याच्याही आधी, १९९७ साली, 'थिंक डिफरंट' म्हणून क्रियाविशेषणाची शेपटी छाटली होती. म्हणजे चूक वाण्यानं केली की अडाणीपणा, कंपनीनं केली की ब्रँड. माझा खरा राग या पंक्तिप्रपंचावर आहे.

इंग्रजांच्या घरी तरी सगळं शुद्ध असेल असं मला वाटायचं. तिथं तर आमचे जातभाई हरलेले दिसले. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकारानं २००१ साली अपॉस्ट्रफीच्या रक्षणासाठी संस्था काढली. अपॉस्ट्रफी म्हणजे शब्दाच्या खांद्यावर बसणारा तो स्वल्पविराम. तिकडचे भाजीवाले तो बटाट्या-टोमॅटोच्या अनेकवचनावर कोथिंबिरीसारखा भुरभुरतात, आणि जिथं हवा तिथं घालत नाहीत. रिचर्ड्स दुकानदारांना सौजन्यानं पत्रं पाठवायचे. २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांनी संस्था बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकले असं जाहीर केलं. ब्रिस्टलमध्ये एक गृहस्थ नाव लपवून रात्री बाहेर पडतात आणि लांब दांड्याच्या अवजारानं दुकानांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रफी चिकटवतात, ही बातमी बीबीसीनं २०१७ साली दिली. बायकोला ती वाचून दाखवण्याचा मोह मी आवरला. घरात जळमटं काढायची लांब काठी आहे, तिनं ती लगेच कुलपात ठेवली असती.

यांच्यापेक्षा धाडसी निघाले जेफ डेक आणि बेंजामिन हर्सन हे दोन अमेरिकन तरुण. २००८ साली ते पाट्या दुरुस्त करत देशभर फिरले. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर डेझर्ट व्ह्यू नावाचा मनोरा आहे, तिथल्या एका पाटीवर त्यांनी अपॉस्ट्रफी जागेवर नेली आणि एक स्वल्पविराम घातला. पाटी निघाली साठ वर्षांहून जुनी, मनोरा बांधणाऱ्या मेरी कोल्टर बाईंनी स्वतः हातानं रंगवलेली. दोघांना ३,०३५ डॉलर भरावे लागले, आणि वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत पाय ठेवायला मनाई झाली. मला यात सगळ्यात जिव्हारी लागली ती वेगळीच गोष्ट. त्याच पाटीवर 'इमेन्स'चं स्पेलिंगही साफ चुकलेलं होतं, आणि ते त्यांना तसंच सोडून यावं लागलं. दंड मी एक वेळ भरला असता. पण ती चूक मागे ठेवून गाडीत बसणं मला जमलं नसतं.

आमच्या बाजूनं बोलायला मी एकच खटला राखून ठेवलाय. अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची दुग्धशाळा आहे. तिथं जादा वेळाचे पैसे कोणत्या कामांना मिळणार नाहीत, याची यादी कायद्यात होती, आणि यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. शिपमेंटनंतर स्वल्पविराम नाही. दुधाच्या गाड्यांचे ड्रायव्हर म्हणाले, ही दोन्हीसाठीची पॅकिंग झाली. आम्ही पॅकिंग करत नाही, नुसतं वाटतो, तेव्हा काढा पैसे. २०१७ साली अपील न्यायालयाला ते पटलं आणि २०१८ साली कंपनीनं ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बायकोला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "त्यातले स्वल्पविराम शोधणाऱ्याला किती मिळाले?"

ती नेहमी मुद्द्याचंच बोलते. विम्याचा कागदही तिनंच माझ्यापुढे ठेवला होता. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा दावा कंपनीनं नाकारला तेव्हाची गोष्ट. मी अख्खा दस्तऐवज भिंग घेऊन वाचला. काय इंग्रजी! एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही, प्रत्येक 'विच' आणि 'दॅट' आपापल्या पाटावर बसलेला. पानभराचं वाक्य, आणि शेवटी क्रियापद बरोबर एकवचनी. मी भारावून गेलो आणि तिला म्हणालो, "यात एकही चूक नाही." ती म्हणाली, "म्हणजे पैसे मिळणार नाहीत." नाही मिळाले. आजवर मला एकाही अशुद्ध पाटीनं फसवलेलं नाही. 'हॉट अँड स्पायसी बजी' लिहिणाऱ्यानं भजी दिली, 'पंचर' लिहिणाऱ्यानं पंक्चर काढलं. फसवलं ते तारांकित, बारीक टायपातल्या, निर्दोष इंग्रजीनं. हा शोध एका मुद्रितशोधकाला फार महागात पडतो, कारण मग लाल पेन कुठं टेकवायचं तेच कळत नाही.

आता तर टेकवायलाच काही उरेनासं झालंय. पाट्या मराठीत हव्यात या नियमावर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पुष्कळांनी इंग्रजी नावंच देवनागरीत रंगवून घेतली. 'फ्रेश फ्रूट्स अँड व्हेजिटेबल्स', झालं मराठी. देवनागरीत दोन ओ कुठले आणि अपॉस्ट्रफी कुठली! आणि जिथं रोमन अक्षरं शिल्लक आहेत तिथं मोबाइलमधल्या एआयनं घात केला. फ्लेक्सवाला पोरगा हल्ली पार्टीचं मॅटर आधी त्यात घालून घेतो. परवा नाक्यावर नवीन हॉटेल उघडलं. काळ्या बोर्डावर सोनेरी अक्षरांत इंग्रजी परिच्छेद : परंपरा जिथं चवीला भेटते, प्रत्येक घासात एक प्रवास, आठवणी जिथं शिजतात. मी फुटपाथवर उभा राहून दोनदा वाचला. हायफनसुद्धा जागच्या जागी. फक्त आत काय मिळतं ते काही केल्या कळेना.

आत गेलो आणि गल्ल्यावरच्या मालकांना विचारलं, "काय हो, मिसळ आहे का?"

"आहे ना काका, मिसळच आहे फक्त. बोर्डावर बसली नाही."