तक्रार तशी काही नाही

आमच्या घरच्या कुरड्या यंदा राखाडी निघाल्या. घातल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र होत्या. गच्चीवर दोन उन्हं खाल्ली आणि रंग गेला. आईने गव्हाच्या चिकावर संशय घेतला. बायकोने पातेल्यावर घेतला, म्हणजे पर्यायाने आईवर. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. काळं.

ही राखच आहे असं मी म्हणत नाही. नागपुरात सिमेंटचे रस्ते, मेट्रो आणि उड्डाणपूल पावसाळ्यातल्या गवतासारखे उगवले, त्यामुळे धुळीत कुणाचा किती वाटा हे ठरवायला चौकशी समितीच लागेल. आमच्या गच्चीवरची धूळ सर्वपक्षीय आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आहेत आणि जिल्ह्यातच मौद्याला तिसरं, हे मी केवळ भूगोल म्हणून सांगतो. तिन्हींची क्षमता मिळून साडेपाच हजार मेगावॉटच्या वर जाते. आपला देशी कोळसा गंधकात गरीब आणि राखेत श्रीमंत: शंभर किलो जाळला तर पस्तीस-चाळीस किलो राख सहज उरते. ती कुठेतरी ठेवावी लागणारच. कुणाच्या तरी कुरड्या जवळ असणारच.

एवढी वीज उशाशी असताना आमच्या गल्लीतली लाइन मे महिन्यात बरोबर दुपारी दोनला जाते. फोन केला की पलीकडचा आवाज अतिशय नम्रपणे "काम सुरू आहे" म्हणतो. कूलर थांबतो, वाळ्याचा वास तेवढा उरतो. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. उपकरणात बिघाड होता असं हवामान खात्याने नंतर जाहीर केलं. मला त्या उपकरणाबद्दल सहानुभूती आहे. मे अखेरीला दुपारी दोनला पंखा बंद असताना मीही असंच काहीतरी नोंदवतो.

पुण्यातल्या माझ्या मेहुण्याला युनिटचा दर माझ्याइतकाच पडतो. फरक एवढाच की त्याच्या कुरड्या पांढऱ्या निघतात.

व्यवहार एकतर्फी आहे असंही नाही. शहराचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला पाठवायचं, दिवसाला १३० दशलक्ष लिटर, अशी व्यवस्था महापालिकेने आणि महानिर्मितीने मिळून उभी केली. त्यामुळे पेंच धरणाचं तेवढं पाणी वाचतं. योजना खरोखर चांगली आहे; हे वाक्य उपरोधिक नाही, कृपया तसंच वाचावं. सकाळी आंघोळ करताना आपण राज्याच्या वीजनिर्मितीला हातभार लावतो आहोत ही भावना मला अंगाला साबण लावताना रोज येते. मनात खुपतं ते एवढंच, की आमच्याकडून जातं ते शुद्ध करून जातं.

उलट दिशेने येणाऱ्यालाही नियम होता. धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रं बसवा, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये फर्मावलं आणि दोन वर्षं दिली. मग मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. आमचा कूलरवालाही मार्चपासून "उद्या येतो भाऊ" म्हणतो, पण तो निदान त्याची अधिसूचना काढत नाही. अखेर जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रांतून सूटच मिळाली. कारण, आपल्या कोळशात गंधक मुळातच कमी. हे दहा वर्षांपूर्वी कोळशाला कुणी विचारलं नसावं.

राखेचं म्हणाल तर ती नेहमी हवेतूनच येते असं नाही. १६ जुलै २०२२ ला मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राख शेतांतून, वस्त्यांतून कोलार आणि कन्हान नद्यांत उतरली. नागपूरच्या काही भागांना कन्हानचंच पाणी मिळतं, त्यामुळे तिथला पुरवठाही विस्कळीत झाला. म्हणजे वाटपात कुणावर अन्याय नको, याची काळजी घेतली जाते.

पुढच्याच वर्षी कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. तारीख २९ मे, म्हणजे ऐन नवतपा. त्या दिवसांत नागपूरकर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पर्यावरणाविषयी लोकांचं मत ऐकायला याहून योग्य हवामान मिळणं कठीण. लोक तरीही गेले, विरोधातही बोलले.

कुरड्यांचं मात्र आईने मिटवलं. तळल्यावर कळत नाही, म्हणाली. तळल्या. खरंच फारसं कळत नाही. परवा मेहुणा आला होता. त्याने एक तोडली, उजेडात धरली आणि विचारलं, "तुमच्याकडे ज्वारीच्या करतात वाटतं?"

बायको हो म्हणाली.