लकाकीवाले मामा

परभणीत चारचाकी घेणं सोपं आहे, ती मामांच्या नजरेतून वाचवणं अवघड. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. प्रत्येक कॉलनीत एक असतात. नोकरीतून निवृत्त झालेले, गुडघे अजून शाबूत असलेले, आणि दुसऱ्याच्या गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट ज्यांना बघवत नाहीत असे. वसमत रोडला असतात, जिंतूर रोडला असतात, सेलू-मानवतलाही असणार. गाव तिथं मामा.

मामा आधी गाडीला प्रदक्षिणा घालतात. मग समोर उकिडवे बसून हेडलाइटवर नख ओढतात आणि निदान सांगतात, "मोतीबिंदू झालाय." खुद्द मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो अजून पिकायचाय. गाडीचा मात्र पिकलेला असतो आणि ऑपरेशन आजच, तुमच्याच अंगणात, तुमच्याच बादलीतल्या पाण्यानं व्हायचं असतं.

"गॅरेजवाल्याला विचारलंय मामा..."

"कशाला घालवायलास पैसे? टूथपेस्ट हाय ना घरात? पांढरी आण, जेलवाली नको. जेलनं दात निघंनात, हेडलाइट काय निघायलाय!"

मग घरातली अख्खी ट्यूब जाते. सोबत एक जुनं बनियन जातं, कारण मामांना चिंधी सुतीच लागते आणि त्यातही बनियनचीच. घासणं गोल गोल, अंगठ्यानं दाब देत. थोड्या वेळानं बनियन पिवळं पडतं. हाच मामांचा सुवर्णक्षण. ते बनियन दोन्ही हातांनी ताणून धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "बघा, किती निघालं!" हेडलाइटकडे त्यानंतर कुणी फारसं बघत नाही.

मामांकडे इतर औषधंही आहेत. खायचा सोडा आणि लिंबू, मच्छर पळवायची क्रीम. क्रीमनं लकाकी येते ही गोष्ट खरी. त्यातलं रसायन वरचा थर मऊ करतं म्हणून येते, आणि आतलं प्लॅस्टिक बिघडवून जाते. एकदा त्यांनी थिनर लावलं होतं. हेडलाइटभर बारीक चिरांचं जाळं उमटलं. मामा म्हणाले, "डिझाइन आलं."

हेडलाइटच्या पुढच्या आवरणाला मामा काच म्हणतात. अँबेसेडरच्या काळात ती खरंच काच होती. दगड लागला की फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आता तिथं पॉलिकार्बोनेट असतं. हलकं, चिवट, हव्या त्या आकारात वळणारं. फक्त ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर डोळ्याला न दिसणारा एक थर देतात, अतिनील किरण अडवायला. आणि ऊन म्हणाल तर परभणीचं. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं सरकतो, कडुलिंबाच्या सावलीत आधीच दुचाक्या लागलेल्या असतात, आणि गाडीचं तोंड दिवसभर उन्हात. आधी तो थर जातो, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं आणि धुरकट होतं. मामा घासतात तेव्हा हा खराब थर निघतो, त्यामुळं चमक येते; पण कारखान्याचं जे काही उरलंसुरलं कवच असतं तेही त्याच बनियनला लागून जातं. उघडं पडलेलं प्लॅस्टिक पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं. दिवाळीला चकाकलेली गाडी उन्हाळ्यात पुन्हा मामांपुढं उभी. मामांचा धंदा असता तर त्यांनी बंगला बांधला असता. ते बिचारे चहावर करतात.

"मटेरियलच हलकं वापरायलेत आजकाल," असा त्यांचा निकाल असतो. दोष कंपनीचा, टूथपेस्टला बोल नाही.

गॅरेजातलं पोरगं हेच काम रीतसर करतं. कडेनं मास्किंग टेप लावतं, मग पाणी मारत ८०० चा वॉटर पेपर, पुढं १५००, २०००, ३०००. पहिल्या पेपरातच हेडलाइट दुधासारखा पांढरा होतो आणि मालकाचा चेहराही. मामा मागं उभेच असतात, "वाटोळं केलं पोरानं!" पण पेपर बारीक होत जातो, कंपाउंड लागतं, बफिंग होतं, आणि खालून स्वच्छ प्लॅस्टिक वर येतं. मग ते पोरगं स्पिरिटनं पुसून, तोंडाला मास्क बांधून, यूव्ही क्लिअर मारायला घेतं. इथं मामांचा संयम सुटतो.

"हे दिसंना बी, मग पैसे कशाचे?"

पोरानं मोठ्या अदबीनं सांगितलं, की जर्मनीतही असंच करतात. मामांनी त्याला गप्प केलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी. तुझं दुकान कुठं हाय?"

गंमत अशी, की न दिसणाऱ्या थराला विरोध करणाऱ्या या माणसाच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. मोबाइलला वरून काच, मागून कव्हर, आणि कव्हर खराब होऊ नये म्हणून पाऊच. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही; उन्हाळ्यात त्यावर बसणाऱ्या पाहुण्याला उठताना आवाज होतो. सीट जपायची, रिमोट जपायचा. हेडलाइट तेवढा उघडा.

बरं, हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्या निघतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. धुरकट हेडलाइटचा उजेड पुढं जाण्याऐवजी तिथंच फाकतो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि ट्रॉली दिसते ती ऊस बॉनेटला लागायच्या बेतात. मामा रात्री गाडी काढत नाहीत. "दिसत नाही," म्हणतात. डोळ्याला की गाडीला, हे विचारायची कुणाची छाती नाही.

तेव्हा मामा अंगणात आले तर नाही म्हणू नका, ते मनाला लावून घेतात. घासू द्या, चहा पाजा, बनियनचं कौतुक करा. मग गाडी थेट गॅरेजात न्या; पोरगं पुन्हा पेपर मारेल, मारू द्या, पण वरून क्लिअर किंवा फिल्म घेतल्याशिवाय परत येऊ नका. धूसरपणा आतल्या बाजूनं असेल तर मात्र बाहेरून कुणीही कितीही घासलं तरी जाणार नाही, मग मामा असोत नाहीतर जर्मनी. आणि टूथपेस्ट दोन ठेवा, एक लपवून.